तापणारे इंजिन आणि थर्मोस्टॅटचा बळी

मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरचे इंजिन तापून काम अडल्याची तक्रार गावोगाव ऐकू येते. दोष कधी उन्हाला दिला जातो, कधी यंत्राला. पुष्कळदा थर्मोस्टॅट काढून फेकून दिला जातो आणि दुरुस्ती झाली असे मानले जाते. हा उपाय सोपा वाटला, तरी तो चुकीचाच होय.

थर्मोस्टॅट ही एक झडप आहे. इंजिनातील पाणी सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापेतो ती बंद राहते. नंतर उघडून ते पाणी रेडिएटरकडे जाऊ देते. ती काढून टाकल्यास इंजिनाला योग्य उष्णता येण्यास विलंब लागतो, डिझेल अधिक जळते आणि सिलिंडरची झीज वाढते. तापण्याचे मूळ कारण मात्र जागच्या जागीच राहते. झडप खरोखर अडकली असेल, तर तिच्या जागी नवी बसवावी. जागा रिकामी ठेवू नये.

मूळ कारण पुष्कळदा बिनखर्चाने दूर होण्याजोगे असते. सोयाबीनची वा तुरीची मळणी चालू असता भुसकट रेडिएटरच्या जाळीत बसते व हवेची वाट कोंडते. म्हणून इंजिन बंद करून जाळी वेळोवेळी स्वच्छ करावी. हवेचा झोत पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेस मारावा. पंख्याचा पट्टा सैल नाही ना, पाणी पुरेसे आहे ना, रबरी नळ्या गळत नाहीत ना, हे पाहून मगच झडपेवर संशय घ्यावा.

पाण्याचाही विचार हवा. अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील खारपाण पट्ट्यात विहिरीचे खारे पाणी रेडिएटरमध्ये ओतणे म्हणजे दुखणे विकत घेणे होय. क्षारांचा थर आत साचतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेले कूलंटच वापरावे.

सर्वांत घातक ती घाई. तापलेल्या रेडिएटरचे टोपण उघडताच उकळते पाणी उसळून चालकाचे तोंड व हात भाजतात. तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास सिलिंडर हेडला तडा जाण्याचा धोका असतो. इंजिन पूर्ण निवेपर्यंत थांबल्याने मळणी थोडी लांबेल. हेड फुटल्यास हंगामच हातचा जाईल. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट मळणीच्या खळ्यावरच, चालकांना जाळी व पट्टा प्रत्यक्ष दाखवून, पटवून द्यावी.