टायटॅनियमच्या दाताला कल्हई हवी का?

संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांतल्या खारपाणपट्ट्यात हातपंपाचा लोखंडी पाइप किती लवकर गंजतो, हे आपल्या आयाबहिणींना सांगायला नको. म्हणून जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात लावायचा म्हटले की घरात पहिला प्रश्न निघतो, "तो गंजणार तर नाही?" प्रश्न रास्त आहे. लाळही खारीच असते. त्यात चिंच, लिंबू, ताक, शिवाय दातांवरच्या किटणात वाढणाऱ्या जंतूंचे आम्ल.

पण टायटॅनियम लोखंडासारखे गंजत नाही. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर आपोआप चढतो. जाडी अवघी काही नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे दहा हजारावा हिस्सा. ओरखडा पडला तरी तो थर क्षणात पुन्हा धरतो. तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हईवाला लागतो. टायटॅनियम आपली कल्हई आपणच करते.

स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या हाडावर प्रयोग करीत होते. १९५२ साली त्यांना दिसले की टायटॅनियमचे उपकरण हाडाशी एकजीव झाले आहे, निघता निघत नाही. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो गृहस्थ २००६ मध्ये वारला, तोवर ते टिकले. त्यांवर सिरॅमिकचा कसलाच मुलामा नव्हता!

मग आज 'सिरॅमिक कोटिंग' म्हणून जादा पैसे का मागतात? ते सगळेच खोटे नाही. हायड्रॉक्सिअपेटाइट हा हाडातल्याच कॅल्शियम-फॉस्फेटचा मुलामा; त्यामुळे हाड लवकर धरते. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर कठीण असतो. झिर्कोनियाचाही थर देतात. कृत्रिम लाळेत ठेवून केलेल्या चाचण्यांत असे चांगले थर धातूची झीज आणखी कमी करतात. काही स्क्रू ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेल्या टायटॅनियमचे असतात; त्यांतून धातूचे कण पाझरणेही थराने घटते.

परंतु मुलाम्याचा भरवसा त्याच्या पकडीवर. एनॅमलच्या ताटाचा टवका उडाला की तिथून गंज धरतो, हे आपण पाहतोच. टायटॅनियम उघडे पडले तरी स्वतःला सावरते. पण निसटलेले कपचे हिरडीत राहून सूज आणू शकतात. जाड हायड्रॉक्सिअपेटाइट आम्लात हळूहळू विरघळतेही. प्रयोगशाळेतली चाचणी थोड्या दिवसांची, चावणे मात्र वर्षानुवर्षांचे.

एक सावधगिरी हवी. आम्ल आणि फ्लोराइड एकत्र आले तर टायटॅनियमचा तो संरक्षक थर खाल्ला जातो. रोजच्या साध्या पेस्टला घाबरू नये. दवाखान्यात लावतात ती आम्लयुक्त फ्लोराइड जेल मात्र लावण्याआधी "आमच्या तोंडात इम्प्लांट आहे" हे सांगावे.

खरे म्हणजे इम्प्लांट हातचे जाते ते बहुधा गंजाने नव्हे. किटण साचते, हिरडी सुजते, हाड झिजते आणि स्क्रू हलू लागतो. खर्रा, विडी, मिश्री आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हे त्याचे सोबती. खर्रा चालूच ठेवून महागड्या मुलाम्यावर पैसे घालणे म्हणजे छत गळत असताना भिंत रंगवणे.

वाचकहो, कर्ज काढून दात बसवण्याआधी चार गोष्टी विचारा. धातू कोणता? मुलामा कशाचा, आणि तो बसवलेल्या रुग्णांचा किती वर्षांचा अनुभव आहे? स्क्रू, वरचा दात व शस्त्रक्रिया यांचा खर्च वेगवेगळा किती? हिरडी तपासायला वर्षातून कितीदा यायचे? उत्तरे कागदावर घ्या. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याखाली आली आहेत. तेव्हा पाकिटावरचे कंपनीचे नाव व लॉट नंबर मागून घेऊन बिलासोबत जपून ठेवा. पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर तोच कागद उपयोगी पडतो.

आणि ऐपत नसेल तर मन खट्टू करू नका. नीट बसलेली कवळी हाही दातच. छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे एकदा दाखवून, दुसरे मत घेऊन मगच पैशाला हात घाला.