भाडेनियंत्रणाचा अर्धा राहिलेला लढा

मुंबईतील भाडेनियंत्रणाची चर्चा निघाली की दोन ठरलेले सूर ऐकू येतात. घरमालकांचे कैवारी म्हणतात, शहराच्या दुर्दशेचे मूळ या कायद्यातच आहे. आपल्यापैकी अनेकजण म्हणतात, कायद्याच्या एकाही कलमास हात लावू देणार नाही. पहिला सूर उघड स्वार्थाचा आहे. परंतु दुसराही अपुरा आहे, हे आता मान्य केले पाहिजे.

१९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे प्रमाण मानले. टंचाईच्या काळात कष्टकऱ्यांना बेघर होण्यापासून वाचविणारा तो न्याय्य निर्णय होता. गिरणगावातील कामगार शहरात टिकला, संघटित झाला, लढला, त्यामागे चाळीतल्या एका खोलीची हमी होती. पण भाडे गोठले तरी सिमेंट, लोखंड आणि गवंड्याची मजुरी गोठली नाही. घरमालकांनी दुरुस्ती सोडली, पागडी मात्र सोडली नाही. १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून शासनाने दुरुस्तीची जबाबदारी पत्करली. तो मार्ग योग्य होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने मात्र जुन्या इमारतींची पुनर्बांधणी वाढीव चटईक्षेत्राच्या आमिषावर बिल्डरांच्या हाती सोपविली. जेथे नफा तेथे टॉवर, जेथे नफा नाही तेथे लाकडी टेकू! २०१७ साली भेंडीबाजारात इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, ती या धोरणशून्यतेची किंमत होय.

याहून गंभीर प्रश्न कायद्याच्या बाहेर राहिलेल्यांचा आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक म्हणून राहत होते, त्यांना दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला. नंतर आलेल्यांच्या वाट्याला अकरा महिन्यांचे करार किंवा झोपडपट्टी आली. १९९९ च्या कायद्याने जुन्या भाडेकरूस वर्षाला चार टक्के वाढीच्या मर्यादेत संरक्षण दिले. परवानाधारकास मात्र मुदत संपताच बाहेर काढण्याची सोय केली. आज या शहरात नोकरीस येणारी परिचारिका किंवा घरोघर माल पोचविणारा तरुण भाडेनियंत्रणाचे नाव ऐकतो, लाभ पाहत नाही. जो हक्क होता, तो वारसा होऊन बसला. आपण आत असलेल्यांसाठी लढलो. दाराबाहेर उभ्या असलेल्यांसाठी लढलो नाही. ही चूक आपली आहे.

पुनर्विकासात जुन्या भाडेकरूस मालकीचे घर मिळते, याचा आनंदच आहे. परंतु त्याचबरोबर कष्टकऱ्याला परवडणारी भाड्याची एक खोली शहरातून कायमची नाहीशी होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात परकीय सरकारने कामगारांसाठी बी.डी.डी. चाळी बांधल्या. स्वराज्यातील शासनाने भाड्याची घरे बांधण्याचे काम सोडून द्यावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. भाडे दुरुस्तीचा खर्च व भाडेकरूची ऐपत यांच्याशी निगडित असावे. गरिबाच्या वाट्याची तूट सार्वजनिक निधीतून भरावी. अकरा महिन्यांच्या करारावरील कुटुंबासही मनमानी भाडेवाढ व निष्कासनापासून संरक्षण मिळावे. सार्वजनिक जमिनीवर विक्रीची नव्हे, भाड्याची घरे उभी राहावीत.

जुन्या चाळीतील भाडेकरू आणि झोपडीतला नवा कामगार यांना एका मोर्चात आणणे, हेच आजचे काम आहे. ते आपण केले नाही तर बिल्डर त्यांना एकमेकांपासून कायमचे तोडील.