कव्हरवरचा डोंगर कुणाचा?

दिवाळीच्या आधी मोबाइल कव्हरच्या एका टपरीवर माझ्या मित्राचा फोटो लटकलेला दिसला. म्हणजे मित्राने काढलेला. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसलेलं इंद्रवज्र. दीडशे रुपये, दोन घेतली तर अडीचशे.

इंद्रवज्र पाहिलं नसेल तर सांगतो. सूर्य तुमच्या पाठीमागे हवा आणि समोर, खाली दरीत, ढग हवेत. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून तिथे हे सकाळी जमून येतं. तुमची सावली ढगावर पडते आणि रंगांचं कडं बरोबर तुमच्या डोक्याच्या सावलीभोवती उमटतं. शेजारी उभ्या असलेल्याला ते त्याच्या डोक्याभोवती दिसतं. म्हणजे हा असा फोटो आहे, ज्यातून काढणाऱ्याला स्वतःला वगळताच येत नाही. कव्हरवाल्यांनी ते जमवलं. मित्राच्या डोक्याच्या जागी कॅमेऱ्याचं भोक आलंय. त्याने त्या सकाळी एक हात वर केला होता, तो तेवढा भोकाच्या कडेने बाहेर डोकावतो. मी शेजारीच उभा होतो, मूळ फाइल माझ्याकडे आहे, ढगन्‌ढग जुळतो.

पाकिटावर नाव काय? ‘माउंटन व्ह्यू ०४’.

तुमचा फोन जरा उलटा करा. कव्हरवर डोंगर, तळं, सूर्यास्त असं काही असेल तर ते कुठलं आहे, सांगता येईल?

‘नेटवर होता ना फोटो, मग एवढं काय?’ असं मला तीन जणांनी ऐकवलं. नेटवर असणं म्हणजे फुकट असणं नव्हे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोवरचा हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि त्यासाठी नोंदणीही लागत नाही. ‘प्रसिद्धी मिळते की’ हे तर फारच झालं. नाव नाही, गाव नाही, प्रसिद्धी कुणाची? ‘माउंटन’ची?

टपरीवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे. त्याच्याकडे माल घाऊक बाजारातून डझनावारी येतो. घोळ त्याच्या बराच आधी होतो, आणि तिथे मी काम केलंय. माझी पहिली नोकरी ऑर्डरप्रमाणे कव्हर छापणाऱ्या एका कंपनीत होती. फोल्डरमधले फोटो उचलायचे, मॉडेलच्या मापाने कापायचे, कॅमेऱ्याची जागा मोकळी सोडायची, फाइल हलकी करायची, हे सगळं माझी स्क्रिप्ट करायची. फोटोच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती असते: तारीख, कॅमेरा, कधी जीपीएस, आणि भरलं असेल तर फोटोग्राफरचं नाव. माझ्या कोडमधली एक ओळ ते सगळं पुसायची. रिव्ह्यूमध्ये कुणी हटकलं नाही. उलट अपलोड पटापट होतंय म्हणून कौतुक झालं. कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५ बी आलंय. हक्काची अशी माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढली तर २ वर्षांपर्यंत कैद. हे मला नोकरी सोडल्यावर कळलं. ते फोटो कुठून येतात, हे मात्र तेव्हाच विचारता आलं असतं. विचारलं नाही. पगार वेळेवर होत होता.

म्हणून ‘क्रेडिट छापायला जागा कुठे असते’ हे मला कुणी सांगू नये. पाकिटावर मॉडेलचं स्टिकर असतंच. फाइलमधलं नाव वाचून त्या स्टिकरवर टाकणं हेही फार तर एका ओळीचं काम. पैसे देणं ही त्यानंतरची गोष्ट, पण ज्याचं नावच पुसलंय त्याला पैसे पाठवणार कुठे?

मित्राला कव्हरचा फोटो पाठवला. तो हसला. म्हणाला, ‘माझ्या मॉडेलला मिळेल का रे?’ त्याला हसणं परवडतं, त्याचं पोट आयटीवर आहे. मी मात्र पाकिटावरच्या पत्त्यावर मेल टाकलाय, मूळ फाइल जोडून, एक्झिफसकट. त्याला आज अकरा दिवस झाले.