विश्लेषण : परसातील कोंबड्यांची अंडी अचानक का घटतात? आठ कोंबड्यांसाठी शंभर मात्रांची लस कशी वापरायची?

वेरूळसारख्या गावात परसातल्या आठ-दहा कोंबड्या म्हणजे घरच्या बाईच्या हाती येणारे रोखीचे पैसे. अंडी थांबली की ‘कोंबडी म्हातारी झाली’ म्हणत ती बाजारात नेली जाते. पण कारण प्रत्येक वेळी वय नसते, आणि कधी अंड्यांतली घट ही रोगाची पहिली खूण असते.

परसातील कुक्कुटपालन किती मोठे?

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ८५.१८ कोटी कुक्कुट पक्षी होते. त्यातील सुमारे ३१.७ कोटी परसातील. आधीच्या गणनेपेक्षा ही संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली. राज्यात रोज एक कोटीहून अधिक अंडी कमी पडतात, असे पशुसंवर्धन विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले होते.

अंडी कमी होण्याची साधी कारणे कोणती?

पहिले कारण उजेड. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला दिवसाला १४ ते १६ तास प्रकाश लागतो. डिसेंबरात वेरूळ परिसरात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. दुसरे, पिसे गळणे. नवी पिसे येईपर्यंत अंडी थांबतात. तिसरे, खुडूक होणे. गावरान कोंबडी १२-१५ अंडी घालून खुडूक बसते आणि पुढे २१ दिवस अंडी उबवते. हा तिचा स्वभाव आहे, आजार नव्हे. पिल्ले नको असतील तर तिला हवेशीर डालग्याखाली वेगळे ठेवावे; पाण्यात बुडवू नये.

कवच पातळ का होते?

एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. या भागात मका मुबलक, त्यामुळे तोच टाकला जातो. मक्यातून ऊर्जा मिळते. कॅल्शियम जवळपास नाही, प्रथिनेही अपुरी. शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून बारीक केलेली अंड्यांची टरफले वेगळ्या भांड्यात ठेवावीत. बुरशी लागलेला मका अजिबात देऊ नये. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की कोंबडी धापा टाकते, खाणे कमी करते आणि कवच पातळ होते. तेव्हा सावली आणि दिवसभर गार पाणी हाच पहिला उपाय. कोंबडी फुगून बसली, कुंथत असेल आणि अंडे बाहेर येत नसेल तर ते अडकलेले असू शकते. ते ओढू वा फोडू नये, पशुवैद्यकाला दाखवावे.

धोक्याची खूण कोणती?

एका कोंबडीची अंडी थांबणे वेगळे आणि सगळ्यांची दोन-चार दिवसांत घटणे वेगळे. सोबत मऊ वा वेडीवाकडी अंडी, हिरवी हगवण, श्वासाची घरघर, मान वळणे दिसले तर राणीखेत म्हणजे मानमोडीचा संशय घ्यावा. या विषाणूजन्य रोगावर औषध नाही. मनाने प्रतिजैविके देऊन उपयोग होत नाही. उलट औषधाचा अंश अंड्यात उतरतो.

लस आहे, मग अडचण काय?

लासोटा लस पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात, आठव्या आठवड्याच्या सुमारास आरटूबी टोचतात. अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना आरटूबी दिल्यास अंडी घटू शकतात, म्हणून वेळ पाळावी लागते. अडचण कुपीची आहे. तिच्यात बहुधा शंभर किंवा अधिक मात्रा असतात. ती बर्फात ठेवावी लागते आणि मिसळल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी एकटे घर ती आणत नाही. गल्लीतील दहा-बारा घरांनी एक दिवस ठरवला तर तीच कुपी पुरते. बचतगट, ग्रामपंचायत आणि पशुवैद्यकीय दवाखाना यांनी असा दिवस ठरवणे हा स्वस्त उपाय आहे. कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात येतात; लसीकरण तेव्हा सोपे जाते.

मरतुक झाल्यास कळवायचे का?

लगेच. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या मेल्यानंतर बर्ड फ्लूचे निदान झाले आणि एक किलोमीटर परिघातील पक्षी नष्ट करावे लागले. भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लपवण्यात तोटाच. मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकू नये, आजारी कोंबडी विकू नये. दवाखाना दूर असेल तर १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा निःशुल्क क्रमांक आहे.