यादी कोणाच्या हातात?

शिवसेनेतल्या फुटीनंतर, १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने ‘शिवसेना’ हे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. त्या आदेशाची चर्चा झाली ती मुख्यतः निकालापुरती; कोण जिंकले, कोण हरले एवढीच. मला मात्र त्यातला मधला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पक्ष नेमका कोणाचा हे ठरवण्यासाठी आयोगापुढे तीन कसोट्या होत्या: पक्षाची घटना आणि उद्दिष्टे, संघटनेतले बहुमत आणि विधिमंडळातले बहुमत. पहिल्या दोन कसोट्यांवर ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे आयोगाने सांगितले. उरली तिसरी. विधानसभेतल्या ५५ आमदारांपैकी ४० आणि लोकसभेतल्या १८ खासदारांपैकी १३ शिंदे यांच्या बाजूला होते. पारडे तिथेच झुकले.

त्याआधी काही महिने उद्धव ठाकरे यांच्या बाजूने शाखाशाखांमधून प्रतिज्ञापत्रे गोळा केली जात होती. लाखोंच्या संख्येने ती दिल्लीला गेली. सही करणारा कोणी रिक्षा चालवणारा होता, कोणी गिरणी कामगाराचा मुलगा, कोणी तालुक्याच्या गावात झेरॉक्सचे दुकान टाकलेला. आयुष्याची वीस-तीस वर्षे त्यांनी पक्षाला दिलेली. निकालाच्या दिवशी त्यांच्या सह्यांना वजन राहिले नाही. दोन्ही बाजूंना असे कार्यकर्ते होते आणि दोन्हीकडच्यांच्या बाबतीत हेच खरे आहे. शिंदे यांच्यामागे गेलेल्या शाखाप्रमुखालाही कोणी मोजले नाही. मोजला गेला तो त्याचा आमदार.

असे का झाले? आदेश बरोबर की चूक यावर वाद आहे आणि तो न्यायालयात गेला आहे. पण आयोगाने जी कारणे नोंदवली, ती प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याने वाचावीत. आयोगाच्या आग्रहावरून शिवसेनेने १९९९ मध्ये आपल्या घटनेत लोकशाही तरतुदी आणल्या होत्या. राष्ट्रीय कार्यकारिणीतले १४ सदस्य प्रतिनिधी सभेने निवडायचे आणि ५ प्रमुखांनी नेमायचे, अशी ती रचना. २०१८ मध्ये ही घटना बदलली. बदललेली घटना आपल्या दप्तरी नाहीच, असे आयोगाचे म्हणणे. शिवाय तिच्यातला दोष आयोगाने स्पष्ट शब्दांत दाखवला: पक्षप्रमुखांची निवड प्रतिनिधी सभा करणार आणि त्या सभेत बसणारे बहुतेक पदाधिकारी पक्षप्रमुखांनीच नेमलेले असणार. ज्याने मतदार नेमले, त्याचीच निवड त्या मतदारांनी करायची. अशा सभेचे बहुमत मोजून काही सिद्ध होत नाही, कारण ते बहुमत कोणाचे हे आधीच ठरलेले असते.

माझे म्हणणे एवढेच आहे. पक्षांतर्गत लोकशाही हा नेतृत्वाने कार्यकर्त्यांवर करायचा उपकार आहे, असे आपण समजत आलो. ती नेतृत्वाचीही गरज आहे. कार्यकर्त्यांना कधीच मोजले नाही, तर संकटाच्या दिवशी ते तुमच्या बाजूने मोजताही येत नाहीत. मग पक्ष आमदारांचा होतो आणि आमदार कुठेही जाऊ शकतात.

काँग्रेसची १९६९ ची फूट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तेव्हाही पक्ष कोणाचा हाच प्रश्न होता. आयोगापुढे आणि १९७१ मध्ये सादिक अली खटल्याच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयापुढे तो आला. त्या वेळी खासदार-आमदार मोजले गेलेच, पण अखिल भारतीय काँग्रेस समितीचे सदस्य आणि अधिवेशनाचे प्रतिनिधी कोणाकडे किती हेही मोजले गेले. मोजता आले, कारण याद्या होत्या आणि त्या याद्यांना थोडाफार अर्थ होता. जगजीवनराम यांच्या अध्यक्षतेखालच्या काँग्रेसचे अधिवेशन डिसेंबर १९६९ मध्ये मुंबईतच भरले होते. कोण आले हे बघण्याजोगे होते, कारण येणाऱ्याच्या हाती प्रतिनिधीचा अधिकार होता. पन्नास वर्षांनी मुंबईतल्याच एका पक्षाच्या बाबतीत ती मोजणी अशक्य ठरली.

राष्ट्रवादी काँग्रेसचेही तेच झाले. २ मे २०२३ रोजी यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानमध्ये शरद पवार यांनी अध्यक्षपद सोडत असल्याचे जाहीर केले, तेव्हा सभागृहातले कार्यकर्ते रडले, आरडाओरडा झाला, पायरीवर ठिय्या दिला गेला. तीन दिवसांनी नेत्यांच्या समितीने राजीनामा नामंजूर केला. भावना खऱ्या होत्या, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्या भावनेला मताचे रूप देणारी व्यवस्था पक्षात नव्हती. पुढे हा पक्षही फुटला. ६ फेब्रुवारी २०२४ ला आयोगाचा आदेश आला, तेव्हा संघटनेची कसोटी पुन्हा बाजूला पडली आणि विधिमंडळातल्या संख्याबळावर पक्ष अजित पवार यांच्याकडे गेला.

यातून कोणी काही शिकले का? शिवसेनेचा आदेश १७ फेब्रुवारीचा. चार दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, शिंदे यांच्या पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीत ‘मुख्य नेता’ म्हणून त्यांच्यावर शिक्कामोर्तब झाले. खालून वर आलेल्या प्रतिनिधींचे मतदान त्याआधी झाले नाही. आणखी तीन दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, काँग्रेसच्या रायपूर अधिवेशनात ठरले की कार्यकारी समितीची निवडणूक घ्यायची नाही. सगळे सदस्य अध्यक्षांनी नेमावेत. भाजपमध्ये संघटनात्मक निवडणुकीचे वेळापत्रक निघते, पण प्रदेशाध्यक्षपदासाठी अर्ज एकच येतो. १ जुलै २०२५ ला रवींद्र चव्हाण बिनविरोध प्रदेशाध्यक्ष झाले ते असेच. तीन पक्ष, तीन तऱ्हा. यादी मात्र कार्यकर्त्याच्या हातात कुठेच नाही.

हे खाली कसे घडते ते मी जवळून पाहिले आहे. जिल्ह्याच्या गावी एक मंगल कार्यालय, स्टेजवर पांढरा कपडा अंथरलेले टेबल, हारांचा ढीग. मुंबईहून निरीक्षक आलेले. प्रास्ताविक, सत्कार, मग ‘संघटनात्मक निवडणूक’ असा पुकारा. कागदावरचा ठराव वाचला गेला: जिल्हाध्यक्ष आणि प्रदेश प्रतिनिधी नेमण्याचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना देण्यात येत आहेत. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. टाळ्या सुरू झाल्या तेवढ्यात मागच्या रांगेतून एक वयस्क गृहस्थ उठले. धोतर, खांद्यावर उपरणे. म्हणाले, ‘‘साहेब, आमच्या तालुक्याचे प्रतिनिधी कोण, तेवढं वाचून दाखवा.’’ निरीक्षक हसून म्हणाले, ‘‘काका, यादी वर गेली आहे. श्रेष्ठींवर विश्वास आहे ना?’’ काका म्हणाले, ‘‘विश्वास आहे म्हणूनच विचारतो. गावात गेलो की मला विचारतात.’’ त्यांना कोणीतरी खांद्याला धरून खाली बसवले. जेवणाच्या पंगतीत मी त्यांच्या शेजारी बसलो. सभासद नोंदणीची पावतीपुस्तके त्यांनीच गावोगाव फिरवली होती. आपण ज्यांच्या पावत्या फाडल्या, त्यांना मताचा अधिकार आहे की नाही, हे त्या माणसाला ठाऊक नव्हते.

श्रेष्ठींना सर्वाधिकार देणाऱ्या या एका ओळीच्या ठरावाची सुरुवात कुठे झाली हे शोधायला गेलो की आधी उलटीच गोष्ट सापडते. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसने नागपूरला नवी घटना स्वीकारली. गांधीजींबरोबर तिच्या मसुद्यात न. चिं. केळकर होते. चार आणे वर्गणी, भाषेप्रमाणे प्रांतिक समित्या आणि पन्नास हजार लोकवस्तीमागे एक प्रतिनिधी. तोवर अधिवेशनाला ज्याला जमेल तो जाई. आता गावातल्या माणसाला पक्षात हिशोबाची जागा मिळाली. पुढचा इतिहास ती जागा हळूहळू काढून घेण्याचा आहे. १९८५ मध्ये प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष नेमताना मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांना विचारलेही गेले नाही आणि दादांनी मुख्यमंत्रिपद सोडले. ज्या माणसाची मुळे सांगलीच्या मातीत, सहकारात आणि काँग्रेसच्या कमिटीत गेली होती, त्याची ही अवस्था. तालुक्याच्या चिटणिसाचे काय घेऊन बसलात? १९९२ मध्ये तिरुपतीला काँग्रेस कार्यकारी समितीची निवडणूक बऱ्याच वर्षांनी झाली. अर्जुनसिंह आणि शरद पवार निवडून आले. निवडून आलेल्यांत दलित, आदिवासी, महिला नाहीत, हे कारण पुढे करून पक्षाध्यक्ष नरसिंह राव यांनी राजीनामे घ्यायला लावले आणि समिती नेमून टाकली. कारण खरे होते. पण त्यावरचा उपाय राखीव जागा ठेवून पुन्हा मतदान घेणे हा होता. निवडणूकच पुसून टाकल्यावर दलित आणि महिला कार्यकर्त्यांनाही वरच्या मर्जीवर राहावे लागले.

‘आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना पक्षांतर्गत निवडणुका झेपणार नाहीत,’ असे नेते खाजगीत म्हणतात. हे मला मान्य नाही. महाराष्ट्रातला गावचा माणूस विकास सोसायटीची निवडणूक लढवतो, दूध संघाची लढवतो, बाजार समितीची, साखर कारखान्याची लढवतो. प्रारूप मतदारयादी लागते, तो आपले नाव शोधतो, नसेल तर हरकत घेतो. छाननी, माघार, चिन्हवाटप, सगळे त्याला तोंडपाठ असते. सहकारी संस्थांच्या निवडणुकांसाठी राज्यात स्वतंत्र प्राधिकरण आहे. ऊस घालणाऱ्या सभासदाला कारखान्याच्या यादीवर हरकत घेता येते आणि त्याच माणसाला ज्या पक्षाचा झेंडा त्याने घरावर लावला, त्या पक्षाची यादी बघायलाही मिळत नाही. ही क्षमतेची उणीव नाही. हा अविश्वास आहे.

आक्षेपही आहेत आणि ते खरे आहेत. निवडणूक आली की पैसा येतो, बोगस सभासद येतात, गटबाजी घराघरांत शिरते. २०१४ च्या लोकसभेपूर्वी काँग्रेसने काही मतदारसंघांत उमेदवार स्थानिक पदाधिकाऱ्यांच्या मतदानाने ठरवण्याचा प्रयोग केला. आपल्याकडे वर्धा आणि लातूर हे मतदारसंघ त्यात होते. वर्ध्यात तेव्हाच्या खासदारांचे चिरंजीव सागर मेघे विजयी झाले, म्हणजे घराणे हटले नाही. दोन्ही जागा पक्ष पुढे हरला आणि प्रयोग गुंडाळला गेला. मला तो गुंडाळणे चुकीचे वाटते. त्या वर्षी मतदान न घेता दिलेल्या उमेदवाऱ्याही मोदी लाटेत वाहून गेल्या; महाराष्ट्रात काँग्रेसच्या हाती दोनच जागा राहिल्या. एकदा केलेल्या मतदानात घराणे जिंकले, म्हणून मतदान बंद करायचे, तर सार्वत्रिक निवडणुकाही बंद कराव्या लागतील. आणि गटबाजीचे म्हणाल, तर नेमणुकीने ती थांबते कुठे? ती मुंबई-दिल्लीच्या बंगल्यांवर जाऊन बसते. पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म शेवटच्या दिवशी, तीनच्या ठोक्याआधी कोणाच्या हातात पडतो, यासाठी रात्रभर जी धावपळ चालते ती गटबाजीच आहे. फक्त तिच्यात कार्यकर्त्याला मत नाही.

कायद्याकडून फार आशा धरू नये. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-क खाली पक्षाची नोंदणी होते, पण घटना पाळली नाही म्हणून नोंदणी रद्द करण्याचा सरसकट अधिकार आयोगाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. विधी आयोगाने १९९९ मध्ये, आपल्या १७० व्या अहवालात, पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करण्याची शिफारस केली होती. ती अजून कागदावर आहे. जे पक्ष कायदे करतात, ते स्वतःच्या हाताने स्वतःला बांधून घेणार नाहीत. दबाव खालूनच यायला हवा.

मागण्या मोठ्या नाहीत. प्रतिनिधींची यादी मतदानाच्या आधी तालुक्याच्या कार्यालयात लावा आणि हरकतींना मुदत द्या. प्रतिनिधींत निवडून आलेले जास्त आणि नेमलेले थोडे असे प्रमाण घटनेत लिहा. महिला, दलित, आदिवासी यांच्या जागा राखून ठेवा. मतदान गुप्त घ्या. सर्वाधिकाराचा ठराव विषयपत्रिकेवर आणूच नका. घटनेतला बदल सोडला, तर यातल्या एकाही गोष्टीला दिल्लीची परवानगी लागत नाही. एखाद्या जिल्हा समितीने ठरवले तर पुढच्या महिन्यात सुरुवात होऊ शकते. नेत्यांचा अधिकार यामुळे कमी होईल, पण त्यांचा पक्ष टिकेल. ज्यांना पक्षातून काढून टाकता येते पण पक्षात निवडता येत नाही, त्यांच्या भरवशावर कोणतीही संघटना फार दिवस उभी राहत नाही, हे २०२२ नंतर महाराष्ट्राने दोनदा पाहिले आहे.

म्हणून वाचकांतल्या प्रत्येक कार्यकर्त्याला, तो कुठल्याही पक्षाचा असो, माझी एक विनंती आहे. पुढच्या नोंदणीत कोणी पावतीपुस्तक घेऊन दारात आले, तर आदराने बसवा, चहा द्या आणि विचारा: माझे नाव कोणत्या यादीत जाणार, ती कुठे लागणार, मत कधी देता येणार? उत्तर मिळेपर्यंत पावती फाडू देऊ नका.