सुई चालेल, पण टेकडीही हवी

अॅक्युपंक्चरने माझ्या गुडघ्यांना उतार पडला, हे खरं. पण तेवढ्यावरून कुणी रक्तदाबाची गोळी बंद करायला निघालं, की मी भांडते. १९३८मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर डॉ. बी. के. बसू होते, पुढे बसूंनी अॅक्युपंक्चरची विद्या भारतात रुजवली. तेही आधुनिक वैद्यकच शिकलेले! म्हणून सुया जोडीला घ्या, औषधाऐवजी नको. उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारा, सुईचं पाकीट समोर फोडायला सांगा.

सुयांना पैसे पडतात. पुण्याच्या वेताळ टेकडीवर चालणं फुकट आहे. पण तिथून रस्ता गेला, तर गुडघे मोकळे झाल्यावर आम्ही चालायचं कुठे? टेकडीवरून रस्ता काढू पाहणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.