कुलूप कोणी उघडायचे?

साताऱ्याहून सांगलीला जाणारी रेल्वे एकेरी होती, तेव्हा समोरासमोरच्या दोन गाड्या एका टप्प्यात सोडत नसत. संगणकातही तेच. खात्यात ५०० रुपये; प्रोग्रॅमची एकाच वेळी चालणारी दोन कामे, म्हणजे थ्रेड, दोन्ही ५०० वाचून ४००-४०० काढतात! म्हणून कुलूप. पण मध्येच चूक होऊन फंक्शन सुटले आणि कुलूप तसेच राहिले, तर मागचे सगळे खोळंबतात. इंजिनिअरिंगला असलेल्या आपल्या मुलामुलींना आम्ही सांगू: उघडणे आठवणीवर सोडू नका. सी प्लस प्लसमध्ये २०११ पासून ‘लॉक गार्ड’ आहे. कंस संपताच तो कुलूप स्वतः उघडतो. मात्र वापरणारे थ्रेड संपण्याआधी कुलूपच नष्ट करू नका. ही चूक चाचणीत अनेकदा दिसतच नाही.